धंद्याच्या नावावर मागितला जाणारा पैसा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. महिला मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने आम्हाला "बचत आणि स्वयंरोजगार" असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण तो थोडा अरुंद करून बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून घेतली आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आम्ही दोघे-तिघे जण दर रविवारी वंदनेनंतर इथे मागच्या खोलीत बसतो आणि लोकांचे कागद पाहतो. कुणाचे पेन्शनचे काम असते, कुणाचे पासबुक, कुणाच्या कर्जाचा अर्ज. गेल्या वर्षभरात मात्र आमच्या टेबलावर वेगळेच कागद येऊ लागले आहेत. रंगीत पावत्या, गुळगुळीत करारपत्रे, वर सोनेरी शिक्का, खाली कुणाची तरी सही. कागद पुढे करणारी मावशी खालच्या आवाजात विचारते, "दादा, हे पैसे मिळतील का हो परत?"

आज बोलायचे आहे ते या कागदांबद्दल.

अगरबत्तीच्या मशीनचे प्रकरण सगळ्या वस्तीला माहीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. नाव कुणाचे घेणार नाही. चार घरांनी पैसे भरले. योजना अशी होती: "घरबसल्या उद्योग करा. मशीन आम्ही देतो, कच्चा मालही आम्हीच देतो आणि तयार माल किलोच्या ठरलेल्या भावाने आम्हीच उचलतो." मशीनची किंमत आणि वर अनामत रक्कम मिळून एका घराचे दीड लाख गेले. पहिले दोन महिने माल उचलला आणि पैसेही वेळेवर दिले. तिसऱ्या महिन्यात माल ओलसर आहे म्हणून परत केला, चौथ्या महिन्यात काडी वाकडी आहे म्हणून. पाचव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप होते. मशीन आजही घरात आहे, त्यावर आता कपडे वाळत घालतात. बाजारात चौकशी केली तेव्हा कळले की तेच मशीन निम्म्याहून कमी किमतीला मिळते. म्हणजे धंदा अगरबत्तीचा नव्हताच. धंदा मशीन विकण्याचा होता आणि गिऱ्हाईक आपण होतो.

हे नीट समजून घ्या, कारण नाव बदलते, वस्तू बदलते, पण सांगाडा हाच राहतो. जो तुम्हाला माल विकतो तोच तुमचा एकमेव गिऱ्हाईकही असतो. बाजारात दुसरे कुणी तो माल त्या भावाने घेत नाही. अशा धंद्याला धंदा म्हणता येत नाही.

इमू हा ऑस्ट्रेलियातला शहामृगासारखा उंच पक्षी आपल्या कित्येकांना आठवत असेल. तामिळनाडूत इरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई या गावाहून इमूपालनाच्या योजनेचा मोठा गाजावाजा झाला आणि २०१२ साली ती कोसळली. महाराष्ट्रातही त्या काळात इमूपालनाचे पेव फुटले होते. शेतकऱ्याने पैसे भरून पिल्ले घ्यायची, वाढवायची, कंपनी त्यांना दरमहा पैसे देणार आणि अंडी-पक्षी परत घेणार, असा एकूण थाट होता. मांस, तेल, कातडी, पिसे सगळ्याला परदेशात मागणी आहे म्हणून सांगितले जाई. प्रत्यक्षात आपल्याकडे इमूच्या मांसाला बाजारच नव्हता. अंड्यांतून निघालेली पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला विकायची आणि त्याच्या पैशातून मागच्याला द्यायचे, एवढेच चालले होते. नवे शेतकरी यायचे थांबले तेव्हा पक्ष्यांना खायला घालायलाही कुणी उरले नाही. शेवटी तामिळनाडू सरकारला त्या पक्ष्यांच्या चाऱ्याची सोय करावी लागली.

बरे, यातून आपण शिकलो का? २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातून कडकनाथ कोंबडीचे प्रकरण बाहेर आले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काळ्या मांसाची अस्सल जात, तिच्यात खोट काही नाही. पण योजना मात्र इमूचीच होती. आमच्याकडून पिल्ले घ्या, खाद्य घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने घेऊ. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडचे शेतकरी त्यात अडकले. कित्येक तरुण मुलांनी कर्ज काढून शेड उभ्या केल्या होत्या. कोंबडी बदलली, सांगाडा तोच राहिला.

आता थोडे हिशेबाचे बोलू. हिशेब म्हटला की मागच्या रांगेतली मंडळी उठायला लागतात, पण कृपा करून बसा, सोपा आहे.

समजा एक माणूस दहा जणांकडून एकेक लाख घेतो आणि प्रत्येकाला महिना १० टक्के, म्हणजे १० हजार रुपये द्यायचे कबूल करतो. त्याच्या हातात दहा लाख आले. दर महिन्याला वाटायचे किती, तर एक लाख. म्हणजे काडीचाही धंदा न करता तो तुमचेच पैसे तुम्हाला दहा महिने देऊ शकतो. या दहा महिन्यांत काय होते? पहिला माणूस चाळीत सगळ्यांना सांगतो, "अहो, मला दर महिन्याला मिळताहेत!" तो खोटे बोलत नाही, त्याला खरेच मिळत असतात. त्याच्या तोंडच्या शब्दावर आणखी चाळीस जण येतात. मग आणखी काही महिन्यांची बेगमी झाली. म्हणून आम्ही सांगतो, "त्याला मिळाले" हा पुरावा होऊ शकत नाही. फसव्या योजनेतही सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळतातच. ते मिळाले नाहीत तर योजना पुढे चालणारच कशी? चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरात हेच केले. ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून त्याने लोकांना रांगेत उभे केले. परदेशी टपालाच्या कुपनांचा धंदा आहे असे तो सांगे. त्याच्या नावावरून जगभर अशा योजनांना पॉन्झी योजना म्हणतात. शंभर वर्षे झाली, पण अजून युक्ती जुनी झाली नाही.

दुसरी बाजूही पाहा. समजा त्या माणसाला खरेच महिना १० टक्के देणारा धंदा सापडला आहे. मग त्याने स्वतःचे एकच लाख त्या धंद्यात घालून नफ्यासकट फिरवत ठेवावे. वर्षात त्याचे तीन लाखांवर होतील, दोन वर्षांत साडेनऊ लाखांच्या पुढे, आणि पाच वर्षांत तीन कोटींच्या वर. कागदावर करून पाहा. ज्याच्या हातात असा कल्पवृक्ष आहे तो उन्हातान्हात आपल्या वस्तीत येऊन मावशीचे दीड लाख कशाला मागेल?

साखळी योजनेचा हिशेब तर याहून सोपा आहे. "तुम्ही फक्त पाच जण आणा, ते पाच जण प्रत्येकी पाच आणतील." पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे. तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसे लागतात. वरच्या सगळ्या पायऱ्या धरल्या तर दीडशे कोटींच्या वर. भारताची लोकसंख्या एवढी नाही. म्हणजे तान्ह्या मुलांना धरले तरी तेरावी पायरी पुरी होत नाही, आणि खालच्या एका पायरीवर वरच्या सगळ्या पायऱ्यांच्या मिळून चौपटीहूनही जास्त लोक उभे असतात. बुडतात ते तेच. पैशाची अशी साखळी चालवणे आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंद आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही तिला मनाई आहे. साबण-पावडरचा डबा हातात दिला म्हणून साखळीचे रूप बदलत नाही. कमाई डबा विकून होते की माणसे आणून, एवढेच विचारावे.

पर्ल्स, म्हणजे पीएसीएल या कंपनीचे नाव घेतले की आपल्याकडच्या गावोगावच्या लोकांना आठवते. शेतजमीन देतो म्हणून तिने देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून हप्ते घेतले. २०१४ साली सेबीने आदेश दिला तेव्हा रक्कम ४९ हजार कोटींच्या घरात होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आधी अगदी लहान रकमांचे दावे, मग थोडे मोठे, अशा पायऱ्यांनी परतफेड सुरू झाली. त्यात किती वर्षे गेली, ते ज्यांच्या घरात पावत्या आहेत त्यांना विचारा. पुण्याच्या समृद्ध जीवनने गाई-म्हशी-शेळ्यांच्या नावावर पैसे घेतले. तिथेही सेबीची कारवाई झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या प्रमुखाला अटक झाली. आणि जानेवारी २०२५ मधले दादरचे टोरेस प्रकरण तर ताजेच आहे. तिथे काचेचे दिवे, थंडगार दुकान आणि चकाकणारे खडे होते. खडा घ्या आणि दर आठवड्याला टक्केवारीने पैसे घ्या. जो आणखी गिऱ्हाईक आणील त्याला वर बक्षीस, काहींना तर मोटारी. दुकान बंद झाले त्या दिवशी दाराबाहेर जमलेल्या गर्दीत भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते, नोकरदार होते. मध्यमवर्ग शहाणा आणि आपण अडाणी, असा समज कुणी करून घेऊ नये. शिकलेले लोकही तिथे रांगेत होते.

मग आपल्या वस्तीचा प्रश्न वेगळा काय? आमच्या मते दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, आपल्या घरात मोठी रक्कम आयुष्यात एकदाच येते. महापालिकेतून, रेल्वेतून, बेस्टमधून, एखाद्या कारखान्यातून माणूस निवृत्त होतो, फंड आणि ग्रॅच्युइटी हातात येते. त्याच्या वडिलांनी एवढी रक्कम कधी पाहिलेली नसते, म्हणून घरात सल्ला देणारे कुणी नसते. आणि रक्कम आल्याची बातमी आठ दिवसांत सगळीकडे गेलेली असते. त्या वर्षी त्या घरी जितके पाहुणे येतात तितके लग्नातही येत नाहीत. उच्चवर्णीयांच्या घरी एक पिढी बुडाली तर मागे वाडा असतो, शेती असते. आपल्याकडे तेवढीच एक गाठ असते, तीही बापाने तीस वर्षे झाडू मारून बांधलेली.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलणार आहोत. आपल्याकडे योजना घेऊन येणारा माणूस परका नसतो. तो भाचा असतो, व्याही असतो, जुना कार्यकर्ता असतो. तो आधी जयभीम घालतो. त्याच्या कार्यालयात बाबासाहेबांचा फोटो असतो. तो म्हणतो, "किती दिवस दुसऱ्यांच्या दुकानात पैसे घालणार? समाजाचा पैसा समाजात फिरला पाहिजे." वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. समाजाचा पैसा समाजात फिरलाच पाहिजे, पण तो फिरतो तेव्हा त्याचा हिशेब असतो, जमाखर्च असतो, वर्षाला ताळेबंद असतो. फोटो हा ताळेबंद नव्हे.

ज्यांचा फोटो लावला जातो ते बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे केवढे पंडित होते! त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअरबाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली. जो माणूस व्यापाऱ्यांना गुंतवणुकीचा सल्ला देऊ शकत होता त्याच्या फोटोखाली बसून कुणी तुम्हाला "हिशेब विचारू नका, विश्वास ठेवा" म्हणत असेल, तर तिथेच उठून यावे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग आपल्या कामधंद्याला आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून. धंद्याला दोन भाग सांगितले आहेत, म्हणजे तथागतांचा धंद्याला विरोध नाही हे उघड आहे. आमचाही नाही. उलट पोरांनी धंद्यात पडावे असेच आम्ही म्हणतो. पण ते दोन भाग आपल्या कामधंद्याचे, जो आपल्याला कळतो आणि आपल्या नजरेसमोर चालतो. आणि चौथ्या भागाला हात लावायचा नाही. आमच्याकडे जे कागद आले त्यांत बहुतेकांनी नेमका तो चौथा भाग दिला होता. एका घराने तर बचत गटातून कर्ज काढून भरले. आता हप्ता गटाच्या दहा बायकांच्या डोक्यावर आला आहे आणि त्या मावशींनी बैठकीला येणे सोडले. महिला मंडळाला आमची विनंती आहे की त्यांना घरी जाऊन घेऊन या. रागावायचे असेल तर नंतर रागवा.

भिशीबद्दलही विचारणा होते. दहा-बारा ओळखीच्या बायका दरमहा हजार-हजार काढतात आणि आळीपाळीने उचलतात, ती गोष्ट वेगळी. तिथे कुणी कुणाला जास्तीचे काही देत नाही. पण भिशी जमा करणारी व्यक्ती जेव्हा "माझ्याकडेच ठेवा, महिना तीन टक्के देते" म्हणू लागते तेव्हा ती भिशी राहत नाही. नोंदणी केलेल्या चिट फंडाला १९८२ चा कायदा लागू आहे. अशा परस्पर ठेवीला कुणाचे छत्र नाही.

आता कागदांकडे येतो, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते कागदाला पाहून. समोरचा माणूस फाइल उघडतो आणि एकेक प्रमाणपत्र दाखवतो. कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, जीएसटीचा क्रमांक, उद्यम नोंदणी, दुकानाचा गुमास्ता परवाना. सगळे खरे असू शकते! पण यांतल्या एकाही कागदाने लोकांकडून ठेवी घेण्याचा अधिकार मिळत नाही. कंपनी नोंदवणे म्हणजे मुलाचे नाव जन्मदाखल्यात घालण्यासारखे आहे. दाखला आहे म्हणून मुलगा डॉक्टर होत नाही. उद्यम नोंदणी तर फुकट होते, घरबसल्या होते. ठेवी घ्यायच्या तर त्या त्या नियामकाची परवानगी लागते. बँका आणि वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँक, अनेकांचा पैसा एकत्र करून गुंतवणाऱ्या योजनांसाठी सेबी, सहकारी पतसंस्थांसाठी सहकार खाते. "तुमच्याकडे ठेवी घेण्याची परवानगी कुणाची आहे?" एवढा एक प्रश्न विचारायचा. फाइल दाखवणारा चिडला तर उत्तर मिळाले असे समजावे.

परवानगी असलेल्या वित्त कंपनीलाही रिझर्व्ह बँकेने वर्षाला साडेबारा टक्क्यांहून जास्त व्याज देण्यास मनाई केलेली आहे. लक्षात ठेवा, वर्षाला! आपल्याला महिन्याचा आकडा सांगतात आणि तो लहान वाटतो. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. पोस्टाच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या योजना अलीकडे साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास देत आल्या आहेत. जास्त नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ठरल्या वेळी येते आणि मुद्दल जागेवर असते. बँकेतल्या ठेवीला २०२० सालापासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. तिथे ठेवताना संचालक कोण आहेत, वसुली कशी आहे, वार्षिक सभेत अहवाल वाचतात की नुसते फरसाण वाटतात, ते बघावे.

तरुण मुलांसाठी दोन शब्द. तुमच्या मोबाइलवर "घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार" असे येते. नामांकित कंपनीचे नाव, चित्र सगळे असते. आधी नोंदणीचे सहाशे मागतात, मग ओळखपत्राचे हजार, मग माल पाठवण्याच्या गाडीचे तीन हजार. काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही, तो पैसे देतो. तीच गोष्ट नामांकित कंपनीच्या एजन्सीची. अमूलच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून लोकांकडून पैसे घेणाऱ्यांविरुद्ध त्यांच्या संघाला २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते. आणि मुद्रा कर्ज मंजूर झाले, आता प्रक्रिया शुल्क भरा असे पत्र आले तर ते फाडून टाकू नका, आमच्याकडे आणा. मुद्रा संस्था स्वतः कुणा व्यक्तीला कर्ज देत नाही, ते बँकेच्या शाखेतून मिळते. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ पासून आपल्यासाठी आहे. त्याचा अर्ज स्वतः जाऊन भरा. बाहेर उभा राहून "साहेब माझ्या ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

या मुलांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कंपनी पळते तेव्हा मालक सापडत नाही. सापडतो तो वस्तीतला एजंट. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ साली झाला. त्यात अशी ठेव घेणाऱ्याला दोन ते सात वर्षे कैद आहेच, पण लोकांना अशी ठेव ठेवायला लावणाऱ्यालाही एक ते पाच वर्षे कैद आणि दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे कमिशनवर माणसे आणणाराही त्यात येतो. "मला माहीत नव्हते, मीही पैसे भरलेत" हे कोर्टात सांगावे लागते आणि तोवर घरादाराची शोभा होते. अगरबत्तीच्या प्रकरणात ज्या मुलाने ही योजना आपल्या वस्तीत आणली, त्याचे स्वतःचेही पैसे बुडाले आहेत. चार घरे त्याच्याशी बोलत नाहीत. त्याच्या आईला नळावर टोमणे बसतात. त्याने चूक केली हे खरे. पण त्याच्याकडे कंपनीच्या माणसांचे फोन क्रमांक आहेत, बँक खात्याचे तपशील आहेत, सभेचे फोटो आहेत. तो साक्षीला उभा राहिला तर चार घरांची तक्रार मजबूत होते, आणि तो तोंड लपवून गावी निघून गेला तर तक्रारच लंगडी पडते. आम्ही त्याच्याशी बोललो आहोत. तो येईल असे वाटते. वस्तीने त्याला येऊ द्यावे.

पैसे गेलेच तर काय करायचे? पहिली गोष्ट, गप्प बसायचे नाही. नवऱ्याला कळेल, जावई हसेल, या भीतीने बायका सहा-सहा महिने पावती पेटीत ठेवतात. तेवढ्या वेळात खात्यातले पैसे कुठल्या कुठे जातात. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. तिथे तास नाही, मिनिटे मोजली जातात. रोखीने किंवा चेकने दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, रक्कम मोठी आणि माणसे अनेक असतील तर आर्थिक गुन्हे शाखेकडे. चौघांनी मिळून गेलेले केव्हाही बरे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, लोक त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ती विकून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. वेळ लागतो, पूर्ण मिळतीलच असे नाही, खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. पण ज्याची तक्रार नाही त्याचे नाव यादीतही नसते. रिझर्व्ह बँकेचे "सचेत" हे संकेतस्थळ २०१६ पासून आहे, तिथेही बेकायदा ठेवींची तक्रार करता येते. (तक्रारीत कलम कोणते घालायचे म्हणून एका काकांनी "चारसोबीस" लिहून आणले होते. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, ते कलम आता ३१८ झाले आहे. बोलताना मात्र चारसोबीसच म्हणा, त्याशिवाय राग निघत नाही.)

आणि मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. पैसे बुडाल्यावर दुसरा एक माणूस येतो. "माझी वरपर्यंत ओळख आहे, पावत्या द्या, दहा टक्के द्या, पैसे काढून देतो." पर्ल्सच्या वेळी मूळ कागद कुणाला देऊ नका असे सेबीला जाहीरपणे सांगावे लागले होते. एकदा लुटलेल्याला दुसऱ्यांदा लुटणे सोपे असते, कारण त्याची आशा मेलेली नसते.

शेवटी विहाराच्या सभागृहाचा विषय. गेल्या वर्षात तीन वेळा अशा कंपन्यांच्या माणसांनी "उद्योजकता शिबीर" म्हणून हे सभागृह मागितले. एकदा ते दिलेही गेले होते. समितीचा हेतू चांगलाच होता, पोरांना काम मिळेल हा. पण इथे बुद्धरूपासमोर सभा झाली की लोकांना वाटते, विहाराने हे पारखून घेतले आहे. समितीने आता ठराव केला आहे की ज्या कार्यक्रमात लोकांकडून पैसे गोळा करण्याची योजना सांगितली जाईल, त्याला सभागृह मिळणार नाही, मग तो माणूस कितीही मोठा देणगीदार असो. या ठरावाला आमचा पाठिंबा आहे. काही ज्येष्ठांना हा ठराव कडक वाटतो, त्यांनी समितीपुढे आपले मत जरूर मांडावे.

चार घरांची तक्रार लिहून तयार आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर तिच्यावर सह्या होतील आणि सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही सगळे मिळून पोलीस ठाण्यात जाणार आहोत. पावत्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड सोबत आणावे. आणखी कुणाच्या घरात अशी पावती असेल आणि अजून कुणाला सांगितले नसेल, त्यांनीही रविवारी मागच्या खोलीत यावे. दार लावून घेऊन बोलू.

नमो बुद्धाय, जयभीम!